धुळीतल्या चाकांच्या खुणा

लोणावळ्याच्या चौकात एका शेटजींची मोटार टांग्यावर आदळली, तेव्हा मी समोर माझ्या कापडाच्या दुकानात उभा होतो. मोटार वळणावर उलट्या बाजूला आली होती. धुळीत चाकांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. पाय मोडलेला टांगेवाला विव्हळत मला त्या दाखवत होता. "भाऊ, तेवढं बघून ठेवा."

फौजदार आले. त्यांनी आधी शेटजींसाठी माझ्याच दुकानातली खुर्ची मागवली. मग काचा टोचतील म्हणून शिपायांकडून रस्ता झाडून घेतला. खुणा पुसल्यावर पंचनामा लिहिला, की टांगा उलट्या बाजूने आला. पंच म्हणून मला बोलावले.

"साहेब, पण त्या खुणा..."

"दुकान चालवायचंय ना?"

मी सही केली.

वडगावच्या कोर्टात त्याच कागदावर टांगेवाला दोषी ठरला आणि त्याचा परवाना गेला. बाहेर शेटजींनी हसून पानाचा डबा पुढे केला. मी पान घेतले, तोंडातही घातले. शेजारी कुबडी टेकून टांगेवाला उभा होता.

"भाऊ, तुमी तर बघितलं व्हतं," एवढंच तो म्हणाला.

फौजदाराची आणि शेटजींची मला किळस आली, पण ते पान चघळणाऱ्या माझ्या तोंडाची त्याहून जास्त.