चौथ्या हंगामाचे आकडे

रविवार, ५ नोव्हेंबर १९८९, दुपारचे सव्वादोन. मागणी बाराशे रुपयांची. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि थोरली मुलगी. मागणारा खोलीत नव्हता. त्याची मागणी आमच्या संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत उमटली होती.

मी पवनीला शाळेत गणित शिकवत होतो. मुलगी नागपूरला राहून धानाच्या गावठी वाणांवर प्रबंध लिहीत होती. तिच्यासाठी मी भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून एक जुना संगणक घेतला होता. छत्तीस वाण, चार हंगाम. पहिल्या तीन हंगामांच्या नोंदी तिच्या वह्यांत होत्या. चौथ्या वेळी, आदल्या हिवाळ्यात, ती घरी येऊन ओसरीवर बसून एकेका लोंबीतले दाणे मोजायची, आकडा सांगायची, आणि मी तो थेट संगणकात टाकायचो. कागदावर काहीच नव्हते. प्रबंध डिसेंबरअखेर द्यायचा होता.

आलेख काढायचा एक प्रोग्रॅम तिने मैत्रिणीकडून उतरवून आणला होता. "किती दिले?" मी तेव्हा विचारले होते.

"काही नाही बाबा, सारेच उतरवून घेतेत."

आता तोच प्रोग्रॅम सांगत होता की ही नक्कल चोरीची आहे. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावले आहे, खालच्या पत्त्यावर बाराशे पाठवा म्हणजे चावी मिळेल. यंत्र आणखी तीनदा सुरू केले तर फायली पुसल्या जातील.

मी बटणाकडे हात नेला.

"बाबा, हात नोका लावू. बंद केलं तं पुन्हा सुरू करा लागन. म्हनजे तीनातला एक गेला."

"मंग असंच चालू राहू द्या," पत्नी म्हणाली.

"अन् लाइन गेली तं?"

आमच्याकडे दिवसातून चार-पाच वेळा लाइन जायची. आम्ही तिघेही छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. दहा मिनिटांनी पंखा मंदावला आणि पडदा काळा झाला. मी प्लग काढायला टेबलाखाली शिरलो, पण हात पोचायच्या आत लाइन परत आली. यंत्र आपले आपण खरखरले. पडद्यावर तीनच्या जागी दोन. मी प्लग ओढून काढला.

"फ्लॉप्या आहेत ना?" मुलगी म्हणाली.

होत्या. दर महिन्याच्या पंधरा तारखेला मी सगळ्या नोंदी तीन फ्लॉप्यांवर उतरवत असे, एकसारख्या तीन प्रती. कपाट उघडले तेव्हा आठवले. आठच दिवसांपूर्वी लक्ष्मीपूजन झाले होते. माझे वडील दुकानदार. त्या दिवशी नव्या वहीवर श्री काढायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेले. वही आता नव्हती, म्हणून मी या तीन फ्लॉप्या पाटावर मांडल्या होत्या आणि ओल्या कुंकवाने तिन्हींवर श्री काढला होता. फ्लॉपीच्या पाकिटाला एक उघडी फट असते. कुंकू तिथून आत उतरून वाळले होते.

"मी कोरडं वाहा म्हनलं होतं," पत्नी म्हणाली. "तुमाले श्रीच काढाचा होता."

सोमवारी मी बाराशे रुपये काढून पोस्टात गेलो आणि मनीऑर्डरचा फॉर्म भरला. मुलगी बरोबर होती.

"पैसे गेले अन् चाबी नाही आली तं?"

मी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली.

"आधी टेपवाल्याले दाखवू," ती म्हणाली. "आईची भजनाची कॅसेट वरणात पडली होती, ते त्यानंच धुतली ना."

बस स्टँडजवळचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा फ्लॉप्या उलटसुलट पाहून म्हणाला, "मास्तर, वरून नैवेद्य तं नाही ना ठेवला?" त्याने ब्लेडने पाकिटाची कड कापली, आतली पातळ तपकिरी चकती काढली आणि जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, परातीत पाण्यात सोडली. पाणी गुलाबी होऊ लागले. दोन महिने मोजलेले दाणे त्या पाण्यात होते. यात काही उरेल असे मला वाटत नव्हते. त्याने तिन्ही चकत्या मलमलीवर सुकवल्या आणि कोऱ्या फ्लॉप्या कापून त्यांच्या पाकिटांत घातल्या.

मंगळवारी नागपूरला, मुलीच्या कॉलेजातल्या संगणकावर, पहिली फ्लॉपी नुसती घरघरली. दुसरीवर फायलींची नावे दिसली, पण एकही उघडली नाही. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. मुलीने तिसरी घातली आणि बराच वेळ काही झाले नाही. मग ती हळू आवाजात आकडे वाचू लागली. आधी कागदावर घेऊ, मी म्हटले. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, उभ्यानेच. छत्तिसावा वाण उतरला तेव्हा मी बसलो.

घरच्या यंत्रातले सगळे नंतर पुसून टाकले. मनीऑर्डरचा फॉर्म फाडला, बाराशे रुपये परत बँकेत भरले. टेपवाल्याने फ्लॉपीमागे पाच रुपये सांगितले होते. दोन वाचल्या नाहीत हे कळल्यावर तो एकाच फ्लॉपीचे घेतो म्हणाला. मी त्याला पंधरा दिले.