पलंगाखालचं बेणं

आमचे धाकटे दीर दिनकरभाऊजी कलकत्त्याला विम्याच्या कचेरीत कारकून. लग्न केलं नाही, विडी ओढली नाही, कुणाकडे कधी काही मागितलं नाही. मागितला तो एकदाच, बालीगंजच्या आमच्या भाड्याच्या घरामागचा जमिनीचा तुकडा.

देश स्वतंत्र होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. घरमालकीण सुचित्रादेवींना तिथे गाय बांधायची होती. त्या म्हणाल्या, "दिनकरबाबू, तुम्ही टाक चालवणारे. तुमच्या हातून काय उगवणार?"

"बटाटे."

"बरं. माघ सरेपर्यंत टोपलीभर दाखवा, जमीन तुमची. नाहीतर गाय आली समजा."

दुर्गापूजेची सुटी संपली तसं भाऊजींनी बाजारातून डोंगराकडचं बेणं आणलं. लावायच्या बटाट्यांना आधी घरात मोड आणावे लागतात. ऊन नको, मिट्ट काळोखही नको. तशी जागा घरात एकच, आतल्या खोलीतल्या पलंगाखाली. फळांच्या खोक्यात गोणपाट अंथरून त्यांनी एकेक बटाटा डोळे वर करून मांडला. कचेरीतून आले की बूट काढायच्या आधी पलंगाखाली डोकं. मी विचारायचे, "काय म्हणतायत?"

"उजवीकडचे जरा मागे आहेत, वहिनी."

मोड चांगले बोटाच्या पेराएवढे झाले आणि साताऱ्याहून सासूबाई आल्या. पलंग त्यांना दिला. खोक्याबद्दल सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कार्तिकातली एकादशी रविवारी आली. मी नेमकी बाहेरची, पुढच्या खोलीत कांबळ्यावर बसलेली. स्वयंपाकघर सासूबाईंच्या हाती. केर काढताना त्यांना खोकं दिसलं. मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "वस्तू आणायची आणि विसरायची, अशी इथली तऱ्हा." कुठली वस्तू ते मी विचारलं नाही. त्यांच्या बोलण्यात मी एरवीही फारसं विचारत नसे.

दुपारी भाऊजी फराळाला बसले. तुपातली, जिरं-मिरची घातलेली बटाट्याची भाजी, वर दाण्याचं कूट. दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"आई, आज भाजी गोडसर लागतेय."

"पडून पडून गोड झालेत मेले."

"कुठे पडून?"

"माझ्या पलंगाखाली."

भाऊजींनी तोंडातला घास नीट चावून गिळला. ताटातलं उरलेलंही संपवलं, अन्न टाकायचं नाही म्हणून. मग विचारलं, "डोळे कुठे टाकलेस?"

"मागे राखेच्या ढिगावर. का रे?"

सासूबाईंचा हात जाड. सोलायला बसल्या की सालाबरोबर निम्मा बटाटा जायचा. त्यावरून मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ बोलले होते. त्या दुपारी सगळं परत घेतलं. एकेका मोडाखाली बटाट्याचा चांगला सुपारीएवढा गर होता, आणि कापलेली बाजू राखेने सुकली होती, म्हणजे मातीत कुजायची भीती नव्हती. भाऊजींनी ढीग उपसून ते वेचले आणि त्याच दिवशी वाफ्यात लावले.

गच्चीतून सुचित्रादेवी बघत होत्या. "दिनकरबाबू, साली पेरताय?"

"हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाय आणून फाटकाशी बांधली, हाताशी असावी म्हणून. वाफ्यावर पाला आला तशी ती दावं ताणून तिकडेच बघत राहायची. भाऊजी तिच्या आणि वाफ्याच्या मध्ये खुर्ची टाकून पेपर वाचायचे.

माघात खणलं. बटाटे लिंबाएवढे, पण टोपली भरली. सुचित्रादेवींनी तळाशी हात घालून पेंढा आहे का ते पाहिलं. नव्हता.

"लहान आहेत."

"बटाटेच आहेत."

गाय त्यांच्या भावाकडे हावड्याला गेली. जाताना तिने भाऊजींकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी कार्तिकात सासूबाई पुन्हा आल्या. भाऊजींनी बेणं कांद्याच्या टोपलीत मांडलं आणि वर कांदे पसरले. चातुर्मासात कांदा वर्ज्य, त्या टोपलीला सासूबाई हातही लावत नसत. पण त्यांनी ओळखलंच.

"दिनू, माझ्यावर विश्वास नाही का रे?"

"तुझ्यावर आहे, आई. एकादशीवर नाही."