कुंपणाआडचे मास्तर

मास्तरांना कविता बसून म्हणता येत नसे. आमच्या विहिरीवर यायचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचायचे आणि रहाटाला जुंपलेल्या रेड्यामागे गोल गोल चालत कविता म्हणायचे. मी पाटाच्या तोंडाशी बसून ऐकायचं. ओळ जिथे लंगडेल तिथे मी रेडा थांबवायचा. रेडा थांबला की रहाटाची मडकी थांबत, पाटातलं पाणी आटे, आणि मास्तरांना दुसरी ओळ सुचेपर्यंत केळी तशाच उभ्या. "दामू, ओळ चुकली की वाडी तहानते," असं ते म्हणत. माझं पद असलं की चालायचो मी आणि थांबवायचे ते. माझ्या वेळी रेड्याला विश्रांती जास्त मिळे.

मी चौथी शिकलेला. वसईजवळ भुईगावात वाडी, त्यात केळी नि पानवेली. गौरीच्या नाचाला पदं जुळवायचो, तेवढीच माझी कविता. मास्तर शाळेत शिकवत, त्यांच्या कविता पुण्याच्या मासिकात छापून येत. पण मला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. म्हणत, "शब्द आधी चावून बघावा, कडू लागला तर थुंकावा. आम्ही शिकलेले न चावताच गिळतो." घरी आले की माझ्या बायकोकडे, यमुनेकडे, माझी चहाडी करत. "वहिनी, तुमच्या नवऱ्याने आज चार वेळा माझं पाणी तोडलं." तिचं माहेर गोखिवऱ्याकडचं, भातशेतीवाल्यांचं. ती ताकाचा गडू पुढे करून म्हणे, "पानी तोडूं द्या. ताक नाय ना तोडलं कोनी."

यमुना गेली त्याला चार महिने झाले. म्हणून आता लिहितो. ती असताना लिहिण्याची माझी छाती नव्हती.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी आमची पहिली मुलगी तापाने गेली. तीन महिन्यांची होती. मूल गेलं तरी आईचं दूध काही लगेच थांबत नाही. एकदा दिवस मावळताना मी वाडीत गेलो तर यमुना एका केळीच्या नव्या कोंबाशी बसलेली, पाठमोरी. दूध पिळून कोंबाच्या मुळाशी घालत होती. मला बघून तिने पदर ओढला. मग म्हणाली, "तिचं होतं. कोनाला देऊं? मातीला दिलं." आणि थोड्या वेळाने, "कोनाला सांगू नका."

मी सांगितलं. आठ दिवसांत मास्तरांना सांगितलं. मला ते एकट्याला उचलवत नव्हतं, दुसरं कारण नाही.

महिन्याभराने मास्तर कविता घेऊन आले. रेड्यामागे चालत म्हणू लागले. पहिल्याच ओळीत "अमृताच्या वत्सल धारा" आल्या. मी रेडा थांबवला. म्हटलं, मास्तर, बाईच्या दुधाला अमृत म्हणालात की त्याला दुधाचा वास राहत नाही. ते रागावले. तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते दोनच ओळी घेऊन:

कोंबाला नाही तोंड, तरी तो पितो आहे
आईला नाही मूल, तरी ती देते आहे

रेडा चालत राहिला. मी थांबवला नाही. सगळी वाडी भिजली तरी थांबवला नाही. पुढच्या दहा ओळी आम्ही दोघांनी मिळून तासल्या. यमुनेचं वाक्य शेवटी जसंच्या तसं ठेवायचं, हे माझंच सांगणं. मग मी त्यांच्याकडून विहिरीवर हात ठेवून शब्द घेतला: यमुना जिवंत आहे तोवर ही कविता या वाडीबाहेर जायची नाही. ते म्हणाले, "दामू, ही आपल्या दोघांची नि पाण्याची."

सहा वर्षं त्यांनी शब्द पाळला. मग मुंबईची एक सिनेमा कंपनी वसईच्या किल्ल्यात चित्रण करायला आली. त्यांना वाटा दाखवायला, लोक जमवायला मास्तर होते. दुपारी जेवणाच्या वेळी डायरेक्टरने कविता ऐकवा म्हटलं. मास्तरांनी तीच ऐकवली. दीड वर्षाने ते आमच्याकडे आले ते सिनेमाचे तीन पास घेऊन. म्हणाले, चला, वहिनींनाही आणा, माझं गाणं आहे. कुठलं गाणं, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला तशी शंकाच आली नाही.

गिरगावातल्या थेटरात तीनचा खेळ. यमुना माझ्या नि मास्तरांच्या मधे बसलेली. पडद्यावर एक बाई रेशमी लुगड्यात, केस सोडून, केळीच्या बागेत गात होती. त्या केळी नुसत्या मातीत खोचलेल्या होत्या आणि एकीचा घड उलटा बांधलेला. मी हसणार होतो. तेवढ्यात बाई एका कोंबाशी बसून दूध घालू लागली. मग नाग आला आणि ते दूध प्यायला. मग देव प्रकट झाला. आणि बाई म्हणाली, "तिचं होतं. कुणाला देऊ? मातीला दिलं." देवाने मूल उठवून तिच्या ओटीत घातलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मास्तर यमुनेकडे बघत होते, शाबासकीची वाट बघावी तसे.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्यांची जगली."

घरी पोचल्यावर मला विचारलं, "मास्तरांना कोनी सांगितलं?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर विहिरीवर आले. कविता नव्हती म्हणून चालले नाहीत, उभेच राहिले. मी त्यांना सिनेमा ओळ ओळ सोलून दाखवला. नाग कशाला, रेशीम कशाला, केस कशाला, देव कशाला. ते म्हणाले, डायरेक्टरने घातलं. म्हणाले, दामू, कविता एक माणूस ऐकतो, सिनेमा हजार बघतात, हजारांना मेलेलं मूल चालत नाही. मी म्हटलं, आणि शब्द दिला होता त्याचं काय. त्यावर म्हणाले, तिचं नाव कुठे घेतलं? मी आईवरून शिवी दिली. त्यांनी ऐकून घेतली. मग हळू म्हणाले,

"मी पडद्यावर नेलं, ते पाप माझं. पण मला सांगितलं कोणी, दामू?"

मग मी रडलो, हे लपवत नाही. म्हटलं, ती विचारतेय. खरं कळलं तर घरात राहील, पण माझी राहणार नाही. मास्तरांनी पाट ओलांडला. मग तसेच चिखलाच्या पायांनी घराकडे निघाले. मी मागून गेलो.

यमुना ओटीवर सूप घेऊन बसली होती. मास्तर अंगणातच थांबले. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी कुंपणाआड होतो. तुम्हाला पाहिलं. दामूला म्हणालात तेही ऐकलं. त्याचा काही दोष नाही."

बाईमाणूस तशी बसलेली असताना मी चोरून पाहिलं, असं शाळामास्तराने स्वतःच्या तोंडाने सांगणं म्हणजे काय, ते तेव्हाच्या माणसांना विचारा. यमुनेने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "परत या दारात येऊ नका." मी पडवीत उभा होतो, चार पावलांवर. तोंड उघडलं नाही.

ते परत आले नाहीत. तिने शेजारच्या जावेला सांगितलं असावं, कारण वर्षभरात बाया मास्तर दिसले की वाट बदलू लागल्या. मग त्यांनी बदली मागून घेतली, चिंचोटीकडच्या शाळेत. कविता पुढे कुठे छापून आल्याचं मी ऐकलं नाही. एकदा बाजारात भेटले. मी म्हटलं, मास्तर, मी सांगतो तिला. म्हणाले, "आता सांगू नकोस. एकदा बसलेली ओळ हलवली की सगळंच कोसळतं." हे त्यांचं मला शेवटचं बोलणं. ते गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं.

मास्तरांनी मला दगा दिला, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी घोकलं. दिलाच त्यांनी. पण तो एकदा दिला. मी माझा रोज देत राहिलो.

या वर्षी यमुना अंथरुणाला खिळली. जायच्या दोन दिवस आधी पाणी मागितलं, प्यायली, आणि आपणहून म्हणाली, "त्या मास्तरांना मी माफ नाय केलं. मरताना माफ करावं म्हनतात. माझ्यानं नाय झालं. चुकलं का वो माझं?"

घरात आम्ही दोघंच होतो. सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "नाही. बरं केलंस."