पुजलेल्या सळ्या

गाय चारा आधी गिळते आणि चावायचं मागाहून बघते. त्यामुळे चाऱ्यातून तारेचा तुकडा पोटात गेला तरी तिला पत्ता लागत नाही. तो तुकडा पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन पडतो आणि त्या कप्प्याला लागूनच काळीज असतं. शिकत असताना अशा एका मेलेल्या म्हशीचं पोट फाडलेलं मी पाहिलं होतं. बोटभर तार काळजात रुतून बसली होती. कुणाला सापाची भीती वाटते, कुणाला पालीची. मला त्या दिवसापासून तारेची वाटते.

आणि नोकरी लागली ती नेमकी पशुखाद्याच्या कारखान्यात! सहकारी दूध संघाचा कारखाना, आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत. दुष्काळाचं वर्ष होतं. मृग कोरडा गेला, पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, आणि जिल्हाभर चारा छावण्या उघडल्या होत्या. छावण्यांना खाद्य पुरवायचं म्हणून आमचं मशीन थांबतच नव्हतं. माल मिळेल तिथून येत होता. सरकीच्या पेंडीत जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी बांधायच्या तारेचे तुकडे असायचे. भुश्यात खिळे, कण्यांमध्ये पत्र्याच्या चिंध्या. कारखान्यात लोखंड धरायला होती ती एक जुनी चुंबकाची पाटी, आणि तिला एव्हाना टाचणीसुद्धा जुमानत नव्हती.

मी चेअरमनांच्या मागे लागून लागून नव्या चुंबकी सळ्या मंजूर करून घेतल्या. दोन विक्रेते आले. पहिल्याने चकचकीत सळई काढली, तिला भला मोठा पाना चिकटवला आणि चेअरमनांना म्हणाला, "काढा साहेब." चेअरमनांनी पाय रोवून ओढलं, पाना सुटेना. ते खूश झाले. "लई ओढ हाय की याच्यात! ठरलं, हेच घ्यायचं."

माझं डोकं फिरलं. गाय काय पाना गिळते? मी विचारलं, "आमचं खाद्य वाफेवर शिजतं. त्या वाफेजवळ ही ओढ टिकते का?" तो विक्रेता हसला आणि चेअरमनांकडे बघून म्हणाला, "मॅडमना जरा टेक्निकल आवड दिसते." मग मी दोघांच्याही सळ्या ठेवून घेतल्या. दुपारभर वाफेच्या नळीशेजारी बांधल्या, निवू दिल्या आणि मग मळी लावलेल्या चिकट खाद्यात तारेचे बारीक तुकडे मिसळून ते त्यांच्यावरून ओतलं. पानेवाल्याची सळई उन्हाने मान टाकलेल्या रोपासारखी झाली होती, तुकडे तिच्यावरून घसरून खाली गेले. शिवाय तिच्या टोकाला आटे फिरवून बसवलेलं झाकण होतं आणि त्या फटीत खाद्य शिरून बसलं होतं. दुसरी सळई दिसायला साधी, पण टोकं झाळून बंद केलेली. तिने तुकडे धरून ठेवले. त्या सळ्या मी घेतल्या, मळी मिसळण्याच्या आधीच्या तोंडावर बसवायला लावल्या, आणि तेही इतक्या जवळजवळ की दाणा कुठूनही गेला तरी सळईला घासूनच जावा. चेअरमन एवढंच म्हणाले, "तुमी म्हणता तर बसवा. पण पाना काई धरत न्हाई तुमची सळई."

दर पाळीला सळ्या बाहेर काढून पुसायच्या आणि निघालेलं लोखंड काचेच्या बरणीत टाकायचं, असा नियम मी घातला. बरणी भरू लागली तसे लोक येता-जाता तिच्यात डोकावू लागले. प्रत्येकाची एखादी गाय कुठल्या ना कुठल्या छावणीत होतीच. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांचीही होती, लिंबागणेशजवळच्या छावणीत. तांबडी, आणि तेव्हा गाभण.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात सगळ्या अवजारांची पूजा झाली. पाने, हातोड्या, काटे पाटावर मांडले, झेंडू वाहिला, कोहळा फोडला. नव्या सळ्याही मिस्त्रींनी काढून, धुऊन, कुंकू लावून मधोमध मांडल्या होत्या. मला बरंच वाटलं. उगाच का खोटं बोलू? चार लोकांत आपली निवड मिरवली की बरं वाटतंच. मशीनला दुसऱ्या दिवशीपर्यंत सुट्टी होती. मी प्रसाद घेऊन घरी गेले.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्यात आले तर मशीन धडधडत होतं आणि सळ्या पाटावर तशाच होत्या, कालचे झेंडू अंगावर घेऊन.

मला आधी समजलंच नाही. पाळीच्या मुकादमाला हाक मारली तर तो शांतपणे सांगू लागला. आदल्या दुपारी लिंबागणेशच्या छावणीतलं खाद्य संपल्याचा निरोप आला. जनावरं उपाशी, म्हणून चेअरमनांनी मशीन सुरू करायला सांगितलं.

"आन सळ्या?"

"पूजा हलवल्याबिगर पुजलेल्या हत्याराला हात कसा लावावा, मॅडम? मशीन चालवलं ते जनावरांसाठी, त्याचं पाप लागत न्हाई. पण सळ्यांबिगर मशीन फिरतंय की. मग त्यांना कशापायी उठवायचं?"

त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हेच भयंकर होतं. त्याने सळ्यांचा मान ठेवला होता. मी ओरडले, काय ओरडले ते आता आठवत नाही. ट्रक रात्रीच गेला होता. छावणीत फोन लावला. सकाळचं खाद्य वाटून झालं होतं.

मी पाटावरच्या सळ्या उचलल्या, कुंकवासकट जीपमध्ये टाकल्या आणि निघाले. दूध संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांनाही निरोप दिला. वाटेभर दोन्ही बाजूंना करपलेली रानं. मी कुठल्या देवाला काय बोलले ते त्यालाच माहीत.

छावणीत उरलेली पोती ताडपत्रीवर ओतली आणि आम्ही सळ्या त्यातून फिरवायला लागलो. भोवती माणसं जमली. पहिल्या पोत्यात काही नाही. दुसऱ्यातही नाही. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या पोत्यातून सळई वर काढली तर कुंकवाच्या शेजारी तारेचा वाकडा तुकडा चिकटला होता, टोकाला धार असलेला. सगळ्यांनी वळून आपापल्या गायीकडे पाहिलं.

डॉक्टर आले ते बोटाएवढी गुळगुळीत चुंबकं घेऊन. ती गायीला गिळवायची. त्याच कप्प्यात बसून ती लोखंडाला धरून ठेवतात, टोचू देत नाहीत. पण चुंबकं थोडी होती आणि गायी पुष्कळ. डॉक्टर म्हणाले, गाभण जनावरं आधी. पोटातलं वासरू वाढलं की तार काळजाकडे ढकलली जाते.

मी तांबडीचं दावं सोडायला धावले. अण्णांनी माझा हात धरला. शेजारची घरं त्या वर्षी लवकरच ऊसतोडीला निघून गेली होती आणि त्यांच्या गायी अण्णांच्या भरवशावर छावणीत बांधलेल्या होत्या. त्यांतल्याही काही गाभण होत्या.

"आधी त्यांच्या," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याची ठेव हाय माय ती. आपली मागून."

"अण्णा, पुरायची न्हाईत!"

"न्हाई पुरली तर न्हाई."

पुरली नाहीत. शेवटचं चुंबक गेलं ते तांबडीच्या शेजारच्या गायीला. संघाने आणखी मागवली, ती वेळेत आलीच नाहीत. मला अण्णांचा असा राग आला की मी तडक जीपमध्ये जाऊन बसले.

पुढचे महिने माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. सुट्टी मिळाली की छावणीत जायचे, तांबडीला उतारावरून खाली चालवायचे आणि कान देऊन ऐकायचे. पोटात तार असली की गाय उतरताना कण्हते, पाठ कमानीसारखी वर काढते. तिने नुसता श्वास सोडला तरी मी तिला परत वर नेऊन पुन्हा उतरवायचे. अण्णा मात्र बाजेवर बसून तंबाखू मळायचे. "किती बघतीस तिच्याकडं? नजर लागंल." त्यांच्या त्या निवांतपणाचा मला संताप यायचा.

तांबडी व्याली. कालवड झाली. अण्णांचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "कण्हली का?"

"व्यायताना कण्हलीच की. बाई कण्हत न्हाई व्हय?" आणि ते हसले.

तांबडी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. मी पोहोचले तेव्हा शेतात खड्डा खणून झाला होता. इतक्या वर्षांची गोष्ट माझ्या ओठांवर आली. म्हटलं, "अण्णा, डॉक्टरला बोलवू का? पोट उघडून बघितलं तर कळंल तरी. तार होती का नव्हती."

अण्णा तिच्या कपाळाला हळद लावत होते. त्यांचा हात थांबला.

"नगं," ते म्हणाले. "ती व्यायपतोर एक रात डोळा लागला न्हाई माझा. रोज तिच्या छातीला कान लावून बसायचो. तू आलीस की बाजेवर जाऊन बसायचो, तू भिशील म्हणून. आता कळून काय करायचं?"

त्यांनी उरलेली हळद तिच्या शिंगांना लावली आणि माझ्या हातात फावडं दिलं.