आमच्या गाडीच्या अक्का

"मुंद होग्री! पुढं सरका की!" असं कानडी आणि मराठी एका दमात ओरडत अक्का एसटीच्या गर्दीतून वाट काढायच्या. गाडी कितीही हिंदकळो, आधाराची दांडी त्यांनी कधी धरली नाही. असे कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील, पण सोलापूरहून वळसंगच्या शाळेत रोज जाणाऱ्या आम्हा शिक्षिकांना आमच्या अक्कांचं कौतुक जरा जास्तच.

एकदा रस्त्यात शेळी आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि अक्कांचं डोकं सामानाच्या रॅकवर आपटलं. भलंमोठं टेंगूळ आलं. "शेळी वाचली न्हवं?" एवढं विचारून त्या पुढची तिकिटं काढायला लागल्या.

पण नंतर गाडीवर दुसराच कंडक्टर दिसू लागला. मी त्यांच्या घरी गेले तर अक्का तीन उशांना टेकून, मान ताठ करून नव्या नवरीसारख्या बसलेल्या. कूस बदलली की छत गरगरायचं, वर बघितलं की ओकारी. स्कॅन मात्र नॉर्मल, त्यामुळे डेपोत कुजबुज सुरू, की बाई नाटक करतेय.

"रिपोर्ट चांगला हाय म्हणतेत. मग माजं घर कोण फिरवतंय, मॅडम?" म्हणून त्याच हसल्या. मला मात्र डेपोवाल्यांचा संताप आला. टेबलावरचं काम घ्या, असंही कुणी सुचवलं होतं. "खुर्चीत बसून मी मरंन. मला गाडीच पायजे."

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी उलगडा केला. डोक्याला मार लागला की कानातला तोल बिघडू शकतो, ते स्कॅनमध्ये दिसत नाही. त्यांनी अक्कांचं डोकं धरून हळूहळू या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. वर रागावले, मान अशी आखडून ठेवल्यानेच दुखणं लांबलंय.

"हलवायची होती व्हय? मी तर देवासारकी जपली की!"

मग रोज फरशीच्या रेघेवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायचं, चालताना मान डावी-उजवीकडे फिरवायची. शेजारच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. अक्कांनी त्यांनाच रांगेत मागे चालायला लावलं. दोन महिन्यांत पुष्कळ फरक पडला. ड्यूटी परत मागण्याआधी एक फेरी प्रवासी म्हणून करून बघू, असं ठरलं. सोबत मी.

कुंभारीपर्यंत फक्कड गेलं. तिथे एक बाई लेकरू घेऊन चढायला लागली. अक्का सवयीने उठल्या, लेकरू हातात घेतलं, वळल्या आणि त्याला पोटाशी धरून मटकन खाली बसल्या. लेकराला काही झालं नाही. त्याला गंमतच वाटली.

"अजून महिनाभर व्यायाम करा," मी म्हटलं, "होईल सगळं नीट."

"व्हईल की. पर न्हाय झालं तर? मी पडले तर उठंन, मॅडम. दुसऱ्याचं लेकरू पाडून कसं चालंल?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी डेपोत टेबलावरच्या कामासाठी आपणहून अर्ज दिला. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, गाडीवर जायला कुणी अडवलंही नव्हतं. इतक्या मोठ्या मनाची माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

अक्का पासाच्या खिडकीवर बसू लागल्या. पहिल्या सकाळी आमची गाडी स्टँडवरून निघाली तेव्हा खिडकीपुढे पोरांची रांग होती. त्या रांगेला तसंच थांबवून अक्का उठून उभ्या राहिल्या आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. मला भडभडून आलं.