ती जागा चुकून राहिलेली नाही

प्रमोद आज सकाळी गेला.
दुपारी त्याच्या पॅचला उत्तर आलं.

प्रमोद माझा धाकटा भाऊ. अमडापूरला कपाशी करायचा आणि उरलेल्या वेळात ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम. कोडमध्ये सुचवलेला बदल पॅच म्हणून मेलने पाठवायचा.

त्याची मुलगी पुण्याहून निघाली आहे. ती आली की न्यायचं.
तोवर मला बसवत नाही. त्याचा फोन खाली ठेवते, परत उचलते.

कर्नल मेमरीत लाखो नोंदी ठेवतो. नोंदीतली फील्ड्स कशीही मांडली की मध्ये रिकामे बाइट राहतात. मोठी आधी, छोटी नंतर लावली की नोंद आटोपशीर होते.

त्या रिकाम्या बाइट्सना तो नांग्या म्हणायचा. शेतात बी उगवलं नाही तिथे पुन्हा टोबतात, ते नांग्या भरणं.

"ताई, आज चार नांग्या भरल्या."
"शेतात की कॉम्प्युटरमध्ये?"
"काऊन, तुह्या कॉन्व्हेंटात हा फरक नाही शिकवला?"

अळीला मारणाऱ्या बीटी बियाण्यासोबत साध्या कपाशीची छोटी पुडी यायची. ती शेताच्या कडेने लावून अळीसाठी सोडायची, म्हणजे अळी बीटीला लवकर सरावत नाही.
गावात बहुतेकांनी त्या पुडीने नांग्याच भरल्या. प्रमोदनेही.
पुढे गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली.

कर्नलमध्येही त्याने तेच केलं. लॉक म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसरला नोंद बदलू देणारं कुलूप; अशा एका लॉकशेजारची मोकळी जागा भरून टाकली. नोंद लहान झाली, पण मशीन मंदावलं. एक प्रोसेसर लॉक घेई तेव्हा शेजारचं वाचणारे बाकीचे खोळंबत.

कर्नल सांभाळणाऱ्यांनी पॅच परत पाठवला. हा हसत सुटला.
"ताई, मी पुन्हा पुडी नांग्यात घातली वं."

नवा पॅच त्याने दवाखान्यातून पाठवला. बाकी सगळं भरलेलं, लॉकजवळचं मोकळं.
"हा तरी घेतला पाह्यजे त्याहीनं," म्हणाला. मग डोळे मिटले.

आजच्या उत्तरात एकच प्रश्न होता. लॉकपाशी जागा चुकून राहिली का? तेवढं कळवा, मग घेतो.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लिहिलं. प्रमोद आज गेला. मी त्याची बहीण. ती जागा चुकून राहिलेली नाही, लॉकसाठी मुद्दाम सोडली आहे. कृपया भरू नका.

पाठवलं. ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिले.

आत्ता फोन वाजला. त्यांचं उत्तर होतं.

बायकांमधून वाट काढत आत गेले. त्याच्या कानाशी वाकले. शाळेने जी बोली माझ्या तोंडातून काढून टाकली होती, तीच आली.

"घेतला रे त्याहीनं."

जा आता, बाबा. सुखानं जा.