ग्रासिएला मॅडमनी बदललेला प्रश्न

“सोमवारी नवं सॉफ्टवेअर गो-लाइव्ह होईल ना?” आमचे प्लांट हेड जाधव सर यांनी विचारलं.

कॉन्फरन्स रूममध्ये एकेकाने मान हलवली. प्रॉडक्शन रेडी, क्वालिटी रेडी, मेंटेनन्स रेडी. सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरचा माणूस तर हसत हसतच “डन, सर” म्हणाला. मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “दोन गोष्टी बाकी आहेत सर, पण करतोय आम्ही.”

“म्हणजे आयटी पण रेडी,” सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या ग्रासिएला मॅडमनी पेन खाली ठेवलं.

आमचा कारखाना चाकणला. आम्ही गाड्यांचे ब्रेक बनवतो. मी तिथे प्लांटची आयटी बघते. नव्या सॉफ्टवेअरचं काम ऐकायला सोपं आहे. प्रत्येक ब्रेकचा बोल्ट इलेक्ट्रिक गनने आवळतात. किती जोराने आवळला त्याला टॉर्क म्हणतात. प्रत्येक ब्रेकवर एक कोड चिकटवलेला असतो. गनमधून आलेला टॉर्क त्या त्या कोडसमोर लिहायचा आणि बोल्ट सैल असेल तर ब्रेक पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्या सॉफ्टवेअरने करायचं होतं. उद्या रस्त्यावर काही झालं, तर तो ब्रेक कधी आणि कसा आवळला गेला होता हे सांगता यायला हवं.

आमच्याकडे लाइट जाते. जनरेटर सुरू होईपर्यंत काही क्षण जातात. सर्व्हरला बॅटरी आहे, पण शेडमधल्या नेटवर्कच्या पेट्यांपैकी एक-दोन त्यावर नव्हत्या. तेवढ्या वेळात गनने पाठवलेले आकडे वाटेत अडकायचे. नेटवर्क परत आलं की ते आकडे समोर जो ब्रेक असेल त्याच्या नावावर चढायचे. म्हणजे चांगल्या ब्रेकचा टॉर्क सैल ब्रेकला लागू शकत होता आणि स्क्रीनवर हिरवा दिवा दिसला असता.

व्हेंडरच्या टेस्टमध्ये हे दिसलं नव्हतं, कारण त्या सगळ्या गुरुवारी झाल्या. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी. रिकाम्या लाइनवर एकेक ब्रेक सावकाश सोडला की अडकलेला आकडा चुकून लागायला मागून दुसरा ब्रेकच येत नाही. मला ते भर शिफ्टमध्ये ट्रायल घेताना दिसलं. मी व्हेंडरला मेल लिहून कळवलं. तो म्हणाला, रेअर केस आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. जाधव सरांना सांगितलं. ते म्हणाले, आधी लाइव्ह जाऊ, मग बघू.

सर वाईट माणूस नव्हेत. त्यांच्या डोक्यावर कस्टमरचं, म्हणजे आमचे ब्रेक घेणाऱ्या गाडी कंपनीचं ऑडिट होतं. ऑडिटमध्ये हे सॉफ्टवेअर चालू दिसलं तर नवी ऑर्डर मिळणार होती आणि त्या ऑर्डरवर दुसरी शिफ्ट सुरू होणार होती. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना तसा शब्दही दिला होता.

माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. साहेबाला नाही म्हणायचं नसतं, वेळ मागून घ्यायचा असतो, असं ते आम्हाला सांगायचे. आमच्या गल्लीतले बहुतेक बाप कुठल्या ना कुठल्या कंपनीत होते आणि सगळ्यांच्या घरी हेच शिकवलं जायचं. मी इंजिनियर झाले, स्वतःची केबिन मिळाली, तरी “करतोय आम्ही” हे वाक्य तिथूनच आलं होतं.

ग्रासिएला मॅडम कंपनीच्या जगभरातल्या प्लांट्सच्या टेक्नॉलॉजी हेड. जन्म अमेरिकेतला, आईवडील मेक्सिकोतून आलेले, घरातली भाषा स्पॅनिश. आदल्या दिवशी एचआरने कँटीनमध्ये त्यांचं भाषण ठेवलं होतं. भिंतीवर पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या टोप्या आणि निवडुंग चिकटवले होते. मॅडमनी ते पाहून आभार मानले. जेवताना प्रत्येक जण त्यांना चपाती दाखवून “तुमच्याकडे पण अशीच असते ना?” असं विचारत होता. त्यांनी प्रत्येकाला तितक्याच शांतपणे “हो” म्हटलं.

भाषणात एचआरच्या मुलीने त्यांना यशाचा मंत्र विचारला. मॅडम म्हणाल्या, मंत्र माहीत नाही, आईची गोष्ट सांगते. त्या इंग्रजीत बोलल्या, मी मराठीत सांगते.

“माझी आई गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात होती. सुपरवायझर रोज विचारायचा, सगळं ठीक? बायका म्हणायच्या, हो. एका प्रेस मशीनचं सेफ्टी बटण कधी चालायचं, कधी चालायचं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. पण तक्रार करणारीला दुसऱ्या दिवशी कामावर बोलवत नसत. एक दिवस आईची दोन बोटं त्या प्रेसमध्ये गेली. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, मी तर रोज विचारत होतो. आणि तो खोटं बोलत नव्हता.”

कँटीनमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय करावं ते कुणाला कळलं नाही. शेवटी एचआरच्या मुलीने बुके दिला आणि कार्यक्रम संपला.

तर दुसऱ्या दिवशीच्या त्या मीटिंगमध्ये मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सरांना थांबवलं.

“ज्योती, ‘करतोय’ म्हणजे नक्की काय?” त्यांनी विचारलं.

मी काही तरी गोल गोल बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आमच्या घरात एक शब्द आहे, अहोरिता. त्याचा अर्थ आत्ता. पण आई अहोरिता म्हणाली की आम्हा भावंडांना कळायचं, हे आत्ता होत नाही, कदाचित कधीच होत नाही. तुमच्याकडे आल्यापासून मी तो शब्द रोज ऐकतेय. फक्त इंग्रजीत.”

व्हेंडरचा माणूस हसला. बाकी कुणी हसलं नाही.

“मी प्रश्न बदलते,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी चालू केलं, तर सगळ्यात आधी काय बिघडेल?”

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नव्हतं. मी जाधव सरांकडे पाहिलं. ते लॅपटॉपकडे बघत होते. मी म्हणाले, “लाइट गेली की सैल ब्रेकला चांगल्याचा टॉर्क लागेल, आणि तो गाडीत बसेल.”

सरांनी मान वर केली. “असं एकदाही झालेलं नाही,” ते म्हणाले.

“दाखवता येईल?” मॅडमनी मला विचारलं.

आम्ही सगळे शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष लाइनवर गेलो. लाइन इनचार्ज तानाजीभाऊ राजगुरुनगरजवळच्या गावचे. त्यांना मी काय करायचंय ते सांगितलं. ते एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “व्हय मॅडम, करू की.” त्यांनी एका ब्रेकचा बोल्ट मुद्दाम सैल ठेवला, त्यावर खडूने फुली मारली आणि तो चांगल्या ब्रेकच्या मागे लाइनवर सोडला. चांगला ब्रेक आवळला जात असताना मी नेटवर्कच्या पेटीची पिन काढायला लावली. फुलीवाला ब्रेक पुढे आला, तेव्हा पिन परत लावली.

स्क्रीनवर फुलीवाल्या ब्रेकसमोर हिरवा दिवा लागला.

जाधव सरांनी तो ब्रेक उचलला आणि बोल्टला बोट लावलं. बोल्ट बोटानेच फिरला. त्यांनी ब्रेक स्वतः नेऊन रिजेक्शनच्या लाल पेटीत टाकला आणि हात पुसले. व्हेंडरचा माणूस, पुन्हा एकदा करून बघू, म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा हिरवा.

त्यांच्या केबिनमध्ये आल्यावर सर आधी माझ्यावर चिडले. हे मला एकट्याला नीट सांगायचं होतं, म्हणाले. मी म्हणाले, सांगितलं होतं सर. मग ते मॅडमकडे वळून म्हणाले, गो-लाइव्ह पुढे ढकललं तर ऑर्डर जाईल. त्यांचा आवाज बदलला होता. दुसऱ्या शिफ्टच्या पोरांना आता काय सांगू, असं ते दोनदा म्हणाले.

मॅडमनी वाद घातला नाही. ऑर्डर जाईलही, असं त्यांनी मान्य केलं. मग म्हणाल्या, “कस्टमरला आपणच सांगू. त्यांना ऑडिटमध्ये सापडण्याआधी.”

कॉलवर कस्टमरचे क्वालिटी हेड होते. मॅडमनी दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि पुढचं बोलायला मला सांगितलं. मी तयार नव्हते. पाणी प्यायले आणि जसं शॉपवर घडलं तसं सांगितलं. समोरून त्यांनी एकच विचारलं, “आत्तापर्यंत आमच्याकडे असा माल आलाय का?” मी म्हणाले, नाही, हे सॉफ्टवेअर अजून चालूच केलेलं नाही, आत्ता जुन्या पद्धतीने हाताने तपासतोय. त्यांनी सुस्कारा सोडला. तो मला स्पष्ट ऐकू आला.

ऑडिट जुन्याच पद्धतीवर झालं. प्रत्येक ब्रेक दोनदा तपासायचा आणि कस्टमरचा एक माणूस आमच्या लाइनवर उभा राहणार, अशी अट घातली गेली. ऑर्डर आली, पण निम्मी. बाकीची दुसऱ्या सप्लायरला गेली. दुसरी शिफ्ट पुढे ढकलली. कॉन्ट्रॅक्टवरच्या काही पोरांना थांबायला सांगितलं आणि त्यातली बरीचशी थांबली नाहीत, दुसरीकडे गेली. काही तानाजीभाऊंच्या गावची होती. भाऊ मला काही बोलले नाहीत. पण बरेच दिवस चहाला हाक मारली नाही.

व्हेंडरने सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. आता गन आकड्याबरोबर ब्रेकचा कोडही पाठवते, त्यामुळे आकडा कितीही उशिरा पोचला तरी आपल्याच जागी जातो. शेडमधल्या पेट्यांना बॅटऱ्या बसल्या. सिस्टीम लाइव्ह गेली, तेव्हा केक कापला नाही. लाइट अजूनही जाते.

अप्रेझल आलं. माझं रेटिंग सरासरी होतं. जाधव सरांचा शेरा होता, टीममध्ये मिसळून काम करण्यास वाव. मी तो वाचून दिवसभर कामात लक्ष घालू शकले नाही. घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “मी तुला काय सांगत होतो?” आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी मी मॅडमना फोन केला. मला वाटलं होतं, त्या कुणाशी तरी बोलतील, रेटिंग बदलेल. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या की रेटिंग त्या बदलणार नाहीत. त्यांनी परदेशात बसून जाधवांच्या डोक्यावरून निर्णय फिरवला, तर उद्या प्लांटमध्ये माझ्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

“मग मी नाही म्हटलं त्याचा उपयोग काय?” मी विचारलं.

“ब्रेक गाडीत बसला नाही,” त्या म्हणाल्या. “तो उपयोग. तुझा फायदा होईल असं मी म्हटलं नव्हतं.” पुढे म्हणाल्या, “माझ्या आईच्या कारखान्यात एकटी बाई बोलली की ती घरी जायची. तिघी-चौघी एकदम गेल्या, तेव्हा कुठे बटण दुरुस्त झालं. पुढच्या वेळी मीटिंगआधी दोन माणसं सोबत घे. एकटीचं नाही म्हणजे हट्ट वाटतो. तिघांचं नाही म्हणजे रिपोर्ट होतो.”

हे मला तेव्हा कोरडं वाटलं. मी फोन ठेवला, तेव्हा रागच आलेला होता.

पुढच्या वर्षी पेंट शॉपसाठी एक नवी सिस्टीम आली. ट्रायलमध्ये तिच्यात गडबड दिसली. या वेळी मी मेल लिहिला नाही. आधी क्वालिटीच्या मॅनेजरला शॉपवर नेऊन ती गडबड दाखवली. मग तानाजीभाऊंकडे गेले. ते बराच वेळ स्क्रीन बघत राहिले आणि म्हणाले, “आमी येतो मीटिंगला.”

आम्ही तिघं एकत्र सरांच्या केबिनमध्ये शिरलो. जाधव सरांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं, खुर्ची मागे सरकवली आणि कुणी काही बोलायच्या आत विचारलं, “किती पुढे ढकलायचंय?”